व्हान ऱ्हीड : शिपाई, मलबारचा अंमलदार आणि ‘होर्तुस मलबारिकुस’

‘होर्तुस मलबारिकुस’ म्हणजे ‘मलबारची बाग’ हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ इ. स. १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅम येथे प्रसिद्ध झाला. मलबार किनाऱ्यावरील सुमारे ७४० वनस्पतींची वर्णने आणि तांब्याच्या पत्र्यांवर कोरून छापलेल्या पावणेआठशेंहून अधिक आकृती त्यात आहेत. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकांस हा ग्रंथ परिचित आहे. परंतु ज्याच्या नावाने तो ओळखला जातो तो हेन्द्रिक आद्रियान व्हान ऱ्हीड हा पेशाने शिपाई व पुढे डच ईस्ट इंडिया कंपनीचा अंमलदार होता. वनस्पतिशास्त्र हा त्याचा विषय नव्हे. राजकीय इतिहास लिहिणारे त्याचा ग्रंथ तळटिपेत ढकलतात आणि शास्त्राचा इतिहास लिहिणारे त्याच्या तलवारीकडे काणाडोळा करतात. अशी वाटणी केली की दोन्ही बाजू अर्धवट राहतात. हा ग्रंथ का निघाला याचे उत्तर कोचीनच्या कारभारात सापडते, आणि तो कोणाच्या विद्येवर उभा आहे याचे उत्तर ग्रंथाच्या पहिल्याच खंडात, मल्याळी व देवनागरी अक्षरांत, दिलेले आहे.

व्हान ऱ्हीडचा जन्म इ. स. १६३६ मध्ये ॲम्स्टरडॅम येथे झाला. घराणे उत्रेख्त प्रांतातील सरदारांचे. तो वर्षाचा असताना आई व चार वर्षांचा असताना वडील निवर्तले. सात भावंडांत तो सर्वांत धाकटा. चौदाव्या वर्षीच त्याने घर सोडले. कुल मोठे, परंतु वाट्यास येण्यासारखी मालमत्ता थोडी, अशा तरुणांना त्या काळी हॉलंडात एक मार्ग मोकळा होता, तो म्हणजे कंपनीची नोकरी. इ. स. १६५६ मध्ये व्हान ऱ्हीड कंपनीच्या लष्करात दाखल होऊन पूर्वेकडे निघाला.

तो काळ डच व पोर्तुगीज यांच्या निर्णायक झगड्याचा होता. श्रीलंकेतील कोलंबो त्याच वर्षी डचांनी घेतले. गोव्याच्या मुखाशी डच आरमाराची नाकेबंदी पुन्हा सुरू झाली. या नाकेबंदीस इ. स. १६३७ मध्ये स्थापन झालेल्या वेंगुर्ल्याच्या डच वखारीचा आधार होता. गोव्याहून मदत पोचू द्यावयाची नाही आणि दक्षिणेकडील पोर्तुगीज ठाणी एकेक करून उचलावयाची, असा हा डाव होता. त्याचा सूत्रधार रैक्लोफ व्हान गून्स. त्याच्या हाताखाली मलबारच्या मोहिमांत व्हान ऱ्हीड लढला आणि वर चढत गेला.

इ. स. १६६२ च्या आरंभी डचांनी क्रांगनोर घेतले व कोचीनवर चाल केली. कोचीनच्या राजघराण्यात त्या वेळी गादीचा तंटा चालू होता. पोर्तुगीजांनी एका शाखेस उचलून धरले होते; दूर सारल्या गेलेल्या शाखेचा पुरुष डचांच्या आश्रयास आला होता. पोर्तुगीजांच्या पक्षाची वृद्ध राणी गंगाधरलक्ष्मी मट्टनचेरी येथील झटापटीत डचांच्या हाती लागली, आणि तिला ताब्यात घेणारा अधिकारी होता तरुण व्हान ऱ्हीड. त्या चकमकीत राजघराण्यातील पुरुष मारले गेले. राणी मात्र जिवंत राहिली. पहिला वेढा डचांना उठवावा लागला. पावसाळ्यानंतर ते पुन्हा आले, आणि जानेवारी १६६३ मध्ये कोचीन पडले. युरोपात डच-पोर्तुगीज तह त्यापूर्वीच झालेला होता. त्यामुळे हे शहर परत मिळावे म्हणून पोर्तुगीज पुढे बराच काळ तक्रार करीत राहिले. तिचा उपयोग झाला नाही.

विजयानंतर डचांच्या पसंतीचा वीर केरळवर्मा गादीवर बसला. व्हान ऱ्हीडला राजाच्या दरबारी कंपनीतर्फे मुख्य सल्लागाराचे पद मिळाले. पोर्तुगीज परिभाषेत या पदाला ‘रेजेदोर माओर’ म्हणत. राजाच्या नावाने राज्य चालावे पण कंपनीला नको ते होऊ नये, हे पाहणे हे त्या पदाचे काम. या निमित्ताने व्हान ऱ्हीडला मलबारातील नायर सरदार, देवस्थाने, जमिनीचे हक्क आणि राजाराजांतील मानापमान यांची जी ओळख झाली ती तटबंदीच्या आत बसून हुकूम सोडणाऱ्या अंमलदारास झाली नसती. पुढे श्रीलंका व तुतिकोरीनकडील कामगिऱ्या करून तो इ. स. १६७० मध्ये मलबारचा प्रमुख म्हणून कोचीनला परतला.

त्याला सर्रास ‘गव्हर्नर’ म्हटले जाते. काटेकोरपणे पाहता त्याचा हुद्दा ‘कमांडर’ असा होता. कंपनीच्या रचनेत मोठ्या प्रदेशावर गव्हर्नर, व्यापारी वखारींच्या समूहावर डायरेक्टर आणि त्याहून लहान लष्करी महत्त्वाच्या मुलखावर कमांडर नेमीत. हा केवळ शब्दाचा प्रश्न नाही. मलबार हा श्रीलंकेच्या गव्हर्नराच्या अधीन असावा की बटाव्हियाच्या थेट हुकमतीखाली स्वतंत्र असावा, यावरच व्हान ऱ्हीड व त्याचा जुना सेनापती व्हान गून्स यांचे बिनसले.

व्हान गून्स श्रीलंकेचा गव्हर्नर होता. दालचिनीचे ते बेट कंपनीच्या आशियातील सत्तेचे केंद्र व्हावे, कोलंबोने बटाव्हियाची जागा घ्यावी, असे त्याचे स्वप्न होते. त्या चित्रात मलबारला स्थान होते ते एका चौकीचे. मलबारचा खरा माल म्हणजे मिरी. तिचा मक्ता मिळविण्यासाठी कंपनीने कोचीन, पोरक्काड, कोल्लम इत्यादी ठिकाणच्या राजांशी करार केले होते : मिरी ठरलेल्या भावाने फक्त कंपनीस विकावी. बाजारभाव मात्र नेहमीच कराराहून चढा असे. म्हणून मिरी रात्रीच्या होड्यांतून व घाटांवरच्या वाटांनी तमिळ प्रदेशात निसटत असे. व्हान गून्सचा उपाय जरबेचा होता. व्हान ऱ्हीडचे मत असे की, राजांना सांभाळून, त्यांच्या अंतर्गत व्यवस्थेस धक्का न लावता, जेवढे मिळेल तेवढे घ्यावे. या मतामागे उदारपणा किती व काटकसरीचा हिशेब किती, हे वेगळे काढणे कठीण आहे. कंपनीजवळ मलबारात पुरेसे सैन्य नव्हते हे दोघांनाही ठाऊक होते. त्या अभावाचा अर्थ दोघांनी वेगळा लावला.

ग्रंथाची हकीकत येथून सुरू होते. कंपनीच्या नोकरांत रोगराई व मृत्यू यांचे प्रमाण भयंकर होते, आणि औषधे युरोपातून गलबतांनी येत. ती महाग पडत, वाटेत जुनी होत. शिवाय त्यांतील पुष्कळ द्रव्ये मुळात पूर्वेकडूनच युरोपात गेलेली असत. म्हणजे कंपनी आपल्या दाराशी पिकणारी वस्तू दुप्पट प्रवास करवून विकत घेत होती. ही विसंगती व्हान ऱ्हीडने हेरली. मलबारच्या वनांत औषधी वनस्पतींचा अफाट साठा आहे असे सिद्ध झाले तर त्या मुलखाचे वजन वाढते, आणि श्रीलंकेचाच पुरस्कार करणाऱ्या व्हान गून्सच्या मांडणीस आपोआप उत्तर मिळते. ‘होर्तुस’ची सर्व प्रेरणा एवढीच होती असे म्हणणे अन्यायाचे होईल. घाटातल्या दाट झाडीत हिंडताना एकेका वृक्षावर दहा-दहा प्रकारच्या वेली व बांडगुळे पाहून वाटलेल्या आश्चर्याविषयी त्याने स्वतः लिहिले आहे, आणि ते कौतुक कृत्रिम वाटत नाही. परंतु कौतुक पुष्कळांना वाटते. ते बारा खंडांत उतरण्यास पैसा, माणसे व हुकूम लागतो, आणि तो केवळ अंमलदारापाशीच होता.

कामाची सुरुवात वेगळ्याच तऱ्हेने झाली. मात्तेओ दि सान जुझेप्पे नावाचा नेपल्सकडील कार्मेलाइट पाद्री पूर्वेकडे अनेक वर्षे हिंडून वनस्पतींची रेखाटने जमवीत होता. त्याच्या संग्रहावर प्रथम भिस्त ठेवण्यात आली. कोचीनच्या डच चर्चचा उपदेशक योहानेस कासेआरियस याच्याकडे लॅटिन वर्णनांचे काम आले. हा कासेआरियस विद्यार्थिदशेत रेइन्सबुर्ख येथे तत्त्वज्ञ स्पिनोझा याच्या घरी राहून त्याच्याजवळ शिकलेला होता, ही गोष्ट जाता जाता नोंदण्यासारखी आहे. लवकरच असे दिसून आले की पाद्रीची रेखाटने अपुरी आहेत, आणि वनस्पतींचे गुणधर्म युरोपीय पंडितांच्या तर्काने ठरणार नाहीत. मग योजनेची दिशा बदलली. चित्रे नव्याने, प्रत्यक्ष झाडासमोर बसून काढावयाची. नावे व उपयोग इथल्या वैद्यांकडून घ्यावयाचे. पुढील सर्व खंडांचे मोल या एका निर्णयात आहे.

वैद्यांत प्रमुख होता इट्टी अच्युतन्. तो करप्पुरम् भागातील कडक्करप्पळ्ळीचा, ईळव जातीचा. त्याच्या घराण्यात वैद्यकी वंशपरंपरेने चालत आलेली, व ताडपत्रांवरील पोथ्या घरात होत्या. तो मल्याळीत सांगे. कंपनीचा दुभाषी मनुएल कार्नेरो ते पोर्तुगीजमध्ये उतरवी. मग त्याचे लॅटिन होई. एका वनस्पतीचे वर्णन असे तीन भाषांच्या उंबरठ्यांवरून जात असे, आणि प्रत्येक उंबरठ्यावर थोडे सांडतही असे. तरी मूळ क्रम, म्हणजे कोणती झाडे एका गटात धरावयाची हा विचार, बऱ्याच अंशी मल्याळी नावांच्या अंगाने राहिला. नावांतील समान शेवट हेच नात्याचे चिन्ह मानले गेले. रिचर्ड ग्रोव्ह या इतिहासकाराने इ. स. १९९५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले आहे की, ‘होर्तुस’ हा युरोपीय चौकटीत बसविलेला भारतीय तपशील नसून ईळव वैद्यांच्या वर्गीकरणाचाच युरोपात झालेला प्रवेश होय. हा दावा थोडा ताणलेला वाटतो. कारण लॅटिन वर्णनांची बांधणी व चित्रांची शिस्त युरोपीयच आहे, आणि त्या कामात वैद्यांचा दुसरा एक वर्गही होता.

हा दुसरा वर्ग कोंकणी ब्राह्मणांचा. रंग भट, विनायक पंडित व अप्पु भट अशी तिघांची नावे ग्रंथात येतात. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धर्मच्छळामुळे गोवा सोडून जी सारस्वत कुटुंबे दक्षिणेकडे गेली त्यांची कोचीन येथे मोठी वसाहत झाली होती; तेथील त्यांचे तिरुमल देवस्थान इ. स. १५९९ मधील. व्यापार, दुभाषेपण व वैद्यकी हे त्यांचे व्यवसाय. पोर्तुगीजांविषयी या समाजाला प्रेम असण्याचे कारण नव्हते आणि डचांना स्थानिक मध्यस्थांची गरज होती. तेव्हा दोघांचे जमले यात नवल नाही. या तिघांनी आपल्या निघंटूंच्या आधारे नावे व गुण सांगितले. त्यांनी दिलेली नावे ग्रंथात ‘ब्राह्मणांची नावे’ म्हणून नोंदलेली आहेत व अनेक आकृतींवर ती लॅटिन व अरबी लिपींतील नावांच्या शेजारी देवनागरी अक्षरांत कोरलेली आहेत.

पहिल्या खंडात कार्नेरो, इट्टी अच्युतन् व हे तिघे वैद्य यांची प्रमाणपत्रे छापली आहेत. ती एप्रिल १६७५ मधील आहेत. तिघा वैद्यांचे प्रमाणपत्र देवनागरीत असून त्यात आपण सांगितलेली माहिती आपल्या ‘महानिघंटू’ ग्रंथास धरून आहे अशी त्यांची ग्वाही आहे. युरोपात छापलेल्या देवनागरीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांत या पानाची गणना होते. खिळ्यांचा छाप तो नव्हे. अक्षरे वळणासह तांब्यावर कोरलेली आहेत. ज्या डच कारागिराने ती कोरली त्याला त्यांतील एक शब्दही कळत नसणार.

ही प्रमाणपत्रे का छापली? आजच्या वाचकास ती कृतज्ञतेची खूण वाटते. तत्कालीन प्रयोजन अधिक व्यावहारिक होते. लायडन व ॲम्स्टरडॅम येथील पंडितांना एका शिपायाच्या शब्दावर विश्वास ठेवावयास लावावयाचे होते. त्यासाठी साक्षीदार पाहिजेत, आणि साक्षीदारांची सही त्यांच्या स्वतःच्या अक्षरांत असेल तर अधिक बरे. न्यायसभेतील पुराव्याची ही रीत आहे. परंतु प्रयोजन काहीही असो, परिणाम असा झाला की ज्यांची विद्या त्यांची नावे राहिली. त्या शतकातील वसाहती ग्रंथांत हे विरळा आढळते. माहिती देणारा ‘एक ब्राह्मण’ किंवा ‘काही एतद्देशीय’ एवढ्यावरच बहुधा संपतो. तिसऱ्या खंडाच्या प्रस्तावनेत व्हान ऱ्हीडने या वैद्यांच्या वादविवादांचे वर्णन केले आहे : ते जुन्या ग्रंथांतील वचने मुखोद्गत म्हणत, मतभेद झाला तरी एकमेकांचा मान राखीत. हा खंड कोचीनच्या वीर केरळवर्म्यास अर्पण केलेला आहे. ज्याला आपण गादीवर बसविले त्याच राजाला ग्रंथ अर्पण करावयाचा, यात सौजन्य आहे आणि राजकारणही आहे.

ग्रंथ पुरा होण्यापूर्वीच कोचीन सुटले. व्हान गून्सशी चाललेल्या वादात बटाव्हिया येथील वरिष्ठांचा पुरेसा पाठिंबा न मिळाल्याने व्हान ऱ्हीडने मलबारचा निरोप घेतला. जाताना, मार्च १६७७ मध्ये, त्याने आपल्या वारसासाठी कारभाराचे टिपण लिहून ठेवले. असे टिपण लिहिण्याची कंपनीत प्रथाच होती. पण मलबारातील राजे, त्यांचे परस्परसंबंध व नायरांचे हक्क यांविषयी त्यातील माहिती इतकी भरघोस आहे की केरळच्या सतराव्या शतकाच्या इतिहासास ते आजही आधारभूत आहे. त्याच वर्षी कासेआरियस बटाव्हिया येथे मरण पावला. इ. स. १६७८ मध्ये, ज्या वर्षी व्हान गून्स गव्हर्नर-जनरल झाला त्याच वर्षी, व्हान ऱ्हीड हॉलंडात परत पोचला आणि ‘होर्तुस’चा पहिला खंड बाहेर पडला.

मायदेशी त्याने मेइद्रेख्तची जहागीर घेतली व उत्रेख्तच्या सरदारसभेत स्थान मिळविले. लायडनचा प्राध्यापक आर्नोल्ड सेइन याने पहिल्या खंडावर टिपा लिहिल्या. तो लगेच वारल्यावर ते काम यान कॉमेलिनकडे गेले. प्रकाशनाचे गाडे सावकाश पण न थांबता चालत राहिले.

इ. स. १६८४ मध्ये कंपनीच्या सतरा संचालकांनी त्याला पुन्हा बोलावले. बंगाल, कोरोमंडल, श्रीलंका व मलबार येथील वखारींत लाचलुचपत व चोरटा व्यापार इतका माजला होता की त्याच्या चौकशीसाठी सर्वाधिकारी आयुक्त पाठविण्याचे ठरले. या सफरीत तो एप्रिल १६८५ मध्ये केप ऑफ गुड होप येथे उतरला. तेथील त्याच्या हुकमांकडे ग्रंथकार व्हान ऱ्हीडचे चाहते सहसा वळत नाहीत. कंपनीच्या गुलामांविषयी त्याने नियम केले : ज्यांचा पिता युरोपीय असेल अशा गुलामांस, ते डच भाषा व प्रोटेस्टंट धर्म शिकलेले असल्यास, पुरुषांनी पंचविसाव्या व स्त्रियांनी बाविसाव्या वर्षी मुक्ती मागता यावी, मुलांसाठी शाळा असावी. त्याच हुकमांत डच पुरुष व पूर्ण कृष्णवर्णीय मुक्त स्त्रिया यांच्या विवाहास बंदी आहे. गुलामगिरी कायम ठेवून तिला नीटनेटके करणारी ही अंमलदाराची बुद्धी होय. वनस्पतींच्या नावांत जी बुद्धी शिस्त लावीत होती तीच येथे माणसांच्या रंगाचे व वयाचे कोष्टक मांडते. केपजवळील द्राकेन्स्टाइन हा भाग इ. स. १६८७ मध्ये त्याच्या घराण्याच्या उपपदावरून नाव पावला, आणि ते नाव अजून चालू आहे.

पुढील सहा वर्षे तो श्रीलंका, बंगाल व कोरोमंडल असा हिंडत राहिला. हुगळीच्या वखारीत त्याला मोठे गैरव्यवहार आढळले. कोरोमंडलचे मुख्य ठाणे पुलिकतहून नागपट्टणला हलविण्याचा निर्णय त्याच्याच कारकिर्दीतला. चौकशी करणाऱ्याला मित्र नसतात. त्यातून तो सगळीकडे जुन्या वैऱ्यांच्या वारसांशी झुंजत होता. त्याने पाहिलेला गोंधळ त्याच्यामागे फारसा कमी झाला नाही, कारण तुटपुंज्या पगाराची माणसे अफाट व्यापारावर नेमणारी कंपनीची पद्धती तशीच राहिली. इ. स. १६९१ च्या अखेरीस तो कोचीनहून सुरतेकडे निघाला असता १५ डिसेंबर रोजी मुंबईच्या किनाऱ्यासमोर समुद्रातच मृत्यू पावला. प्रेत सुरतेस नेऊन तेथील डच दफनभूमीत पुरण्यात आले व त्यावर घुमटाची भव्य वास्तू उभारली. इ. स. १६६९ मध्ये वारलेला इंग्रज प्रमुख जॉर्ज ऑक्झेंडन याच्या सुरतेतील थडग्यापेक्षा ती मोठी दिसावी अशी ईर्ष्या त्यामागे होती असे सांगतात. व्यापारी कंपन्यांची स्पर्धा मेलेल्यांनाही सुटली नव्हती.

‘होर्तुस’चे शेवटचे खंड त्याच्या पश्चात निघाले. पुढे लिनिअसने भरवशाच्या अगदी मोजक्या ग्रंथांत त्याची गणना केली आणि इ. स. १७५३ च्या आपल्या ‘स्पेशीज प्लान्टारुम’मध्ये त्यातील आकृतींचा ठिकठिकाणी हवाला दिला. या वनस्पतींचे वाळवलेले नमुने मागे न राहिल्याने पुष्कळ शास्त्रीय नावांना आज ‘होर्तुस’मधील छापील आकृती हाच मूळ प्रमाण-नमुना मानावा लागतो. मल्याळी नावांपैकी काही तर थेट शास्त्रीय परिभाषेत शिरली. वेलदोड्याच्या प्रजातीचे ‘एलेटेरिया’ हे नाव व्हान ऱ्हीडच्या ‘एलेत्तारी’वरून आले, सोनचाफ्याच्या नावातील ‘चंपका’ही त्याच मार्गाने. आमांशावर मराठी मुलखात घरोघर ठाऊक असलेला पांढरा कुडा पहिल्या खंडात ‘कोडग-पाला’ या नावाने सापडतो.

ग्रंथ लॅटिनमध्ये असल्यामुळे ज्या प्रदेशाची ती विद्या त्याच प्रदेशाला तो तीन शतके बंद राहिला. के. एस. मणिलाल यांनी अनेक दशके त्यातील वनस्पती केरळात प्रत्यक्ष शोधून, ओळख पटवून, इंग्रजी भाषांतर सिद्ध केले. केरळ विद्यापीठाने ते इ. स. २००३ मध्ये व मल्याळी आवृत्ती इ. स. २००८ मध्ये प्रसिद्ध केली. ‘ब्राह्मणांची नावे’ म्हणून आलेली शेकडो कोंकणी वनस्पतिनामे मात्र भाषेच्या अंगाने वेगळी तपासण्यासारखी आहेत. ती ठराविक वर्षी, ठराविक गावी, नाव ठाऊक असलेल्या तीन व्यक्तींनी उच्चारलेली आहेत. काही देवनागरीत व सर्व रोमन लिपीत उतरलेली आहेत. गोव्यापासून तुटून शंभर वर्षे कोचीनमध्ये राहिलेल्या बोलीत कोणते शेवट टिकले, कोठे मल्याळीची छाया पडली, कोणत्या झाडाला नवे नाव द्यावे लागले आणि कोणत्या नावाने कोंकणातील जुन्या झाडाऐवजी मलबारातील दुसरेच झाड दाखविले जाऊ लागले, हे त्यांवरून पडताळता येते. त्यासाठी आकृतीवरील देवनागरी नाव, मजकुरातील रोमन नाव आणि मणिलाल यांनी पटविलेली वनस्पती ही तिन्ही एकत्र ठेवावी लागतात. कारण कोरणाऱ्याच्या अज्ञानामुळे अक्षरांत, आणि दुभाष्यांच्या साखळीमुळे उच्चारात, चुका शिरलेल्या आहेत.